आकड्याखालची ओळ

अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस एका ओळीपायी नोकरीतून गेला. ओळ फार मोठी नव्हती. पडद्यावर एका आकड्याखाली बारीक, राखाडी अक्षरांत यायची: 'ही माहिती अमुक वाजताची आहे.' ती असावी म्हणून तो भांडला, ती काढून टाकली म्हणून एक माणूस जिवाला मुकला, आणि खापर फुटलं ते भांडणाऱ्याच्याच डोक्यावर. हे सगळं मी शेजारी बसून पाहिलं. नुसतं पाहिलं असतं तर आज लिहायला बसले नसते.

त्याला सगळे शिळेमास्तर म्हणायचे. हजेरीत वेगळं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून पाहायचा, दुसरं कोण आलंय म्हणून. उंच, किंचित पोक काढून चालणारा, आणि शर्टाच्या खिशात कायम एक काळं मार्कर पेन. ते पेन ऑफिसच्या फ्रिजसाठी. कुणीही डबा ठेवला की हा झाकणावर तारीख घालणार, आणि तीन दिवस उलटले की डबा कचऱ्यात. आत काय आहे, कुणाचं आहे, काही बघायचा नाही. साहेबांच्या बायकोनं प्रेमानं दिलेला डबा एकदा असाच गेला, त्यावरून महिनाभर धुसफूस चालली होती. सूचनाफलकावरच्या तारीख उलटलेल्या नोटिसा तो येता-जाता काढायचा. जिन्यातलं घड्याळ बंद पडलं तेव्हा दुरुस्तीवाल्याची वाट न बघता स्टुलावर चढला आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून टांगलं. "चुकीची वेळ सांगण्यापेक्षा पाठ दाखवलेली बरी," म्हणाला.

कुणी काही बातमी आणली की पहिला प्रश्न ठरलेला: "कधीचं?" लिफ्ट बंद आहे म्हटलं, तर कधीचं? रस्ता खोदलाय म्हटलं, तर कधी बघितलास? अमक्याचं लग्न मोडलं, तर बातमी कधीची? जीव नकोसा करायचा. पण लिफ्ट खरोखरच मधल्या वेळात सुरू झालेली असायची आणि आम्ही सहा मजले चढून धापा टाकत बसलेलो असायचो, तेव्हा तो नुसता हसायचा. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

त्याच्या बायकोचं औषधाचं दुकान होतं, तिच्या वडिलांकडून आलेलं. सुट्टीच्या दिवशी हा तिथे काउंटरमागे बसून मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं निवडायचा. ती बाई मोठी मिश्कील. एकदा ऑफिसच्या जेवणाला आली होती, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "लग्न ठरताना म्हणाला, तू मला आवडतेस. दोन वर्षांनी मी विचारलं, अजून आवडते का? तर म्हणतो, थांब, बघून सांगतो." सगळे हसले. तो लाजून म्हणाला, "मग सांगितलं की नाही बघून?" "सांगितलंस बाबा," ती म्हणाली, "आठवडाभरानं."

हे खूळ कुठून आलं असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यानं खिशातून गोळ्यांचं एक पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "ही गोळी गेल्या महिन्यात औषध होती, आता नाही. रंग तोच, वास तोच, पाकीट तेच. डोळ्यांना काही कळत नाही, म्हणून तर तारीख छापतात. आकड्याचंही तसंच आहे, तपासनीस. फक्त आकड्यावर कुणी तारीख छापत नाही." तपासनीस म्हणजे मी. तो पान तयार करायचा आणि ते चालतं की नाही हे मी तपासायचे.

तर ते पान. आरोग्य खात्यासाठी आम्ही ते केलं होतं. आमच्या भागात शेतं, ओढे, दगडांच्या राशी पुष्कळ, त्यामुळे साप पुष्कळ. सर्पदंशावरच्या इंजेक्शनच्या कुप्या सगळ्या दवाखान्यांत कायम असतात असं नाही. साप चावलेला माणूस घेऊन लोक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत राहायचे. म्हणून हे पान: फोनवर उघडलं की जवळचा दवाखाना आधी, लांबचा नंतर, आणि प्रत्येकापुढे तिथे किती कुप्या आहेत त्याचा आकडा. एकूण एक्केचाळीस दवाखाने.

आता कॅशे म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. पान उघडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी एक्केचाळीस दवाखान्यांतल्या एक्केचाळीस कॉम्प्युटरांना नव्यानं विचारत बसलं, तर पान उघडायला मिनिटं लागतात आणि खेड्यातल्या लाइनी दमून बंद पडतात. म्हणून एकदा विचारायचं, मिळालेलं उत्तर आपल्याजवळ साठवून ठेवायचं आणि पुढे येणाऱ्यांना त्यातूनच द्यायचं. ही साठवण म्हणजे कॅशे. साठवलेल्या उत्तराला मुदत असते. मास्तरनं ती दहा मिनिटांची ठेवली होती. मुदत संपली की उत्तर शिळं, पुन्हा विचारायचं. सगळ्यांची मुदत एकाच क्षणी संपली तर एक्केचाळीस दारं एकदम ठोठावली जातील, म्हणून त्यानं प्रत्येकाची मुदत थोडी पुढेमागे केली होती. असं बारीक काम तो करायचा आणि कुणाला सांगायचा नाही.

खरा प्रश्न पुढचा. मुदत संपली, आपण दार ठोठावलं, आणि आतून उत्तरच आलं नाही, तर? पडद्यावर काय दाखवायचं?

मास्तरचा नियम असा होता. पहिला तासभर जुना आकडा दाखवायचा, पण त्याच्याखाली ती राखाडी ओळ: ही माहिती अमुक वाजताची आहे. तासाच्या वर गेलं की आकडा पुसायचा आणि लिहायचं, 'माहीत नाही. फोन करून विचारा.' बाजूला दवाखान्याचा फोन नंबर. तास जास्त वाटला तर आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना अर्धा करता यावा, म्हणून त्यानं या दोन्ही गोष्टी सेटिंगमध्ये ठेवल्या. कोडला हात न लावता बदलता येतील अशा. त्याचा हा भला विचार पुढे त्याच्याच अंगाशी आला.

वर्षभर ते पान नीट चाललं. मग खात्याचे कुणी मोठे अधिकारी ते बघायला येणार असं ठरलं आणि आमच्या साहेबांचं धाबं दणाणलं. साहेब म्हणजे वरून फोन आला की खुर्चीतून उठून उभं राहून बोलणारे. पलीकडच्याला हे दिसत नाही, हे त्यांना कधी सुचलं नसावं. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर पान उघडं होतं.

"मास्तर, हे काय? एक्केचाळिसातल्या नऊ ठिकाणी 'माहीत नाही'. मोठे साहेब काय म्हणतील?"

"म्हणतील, त्या नऊ दवाखान्यांची लाइन नीट करा."

"अहो, सरकारी पानावर 'माहीत नाही' लिहितात का कुठं? आणि खाली ही बारीक बारीक अक्षरं, पावणेअकराची माहिती, सव्वादहाची माहिती. दवाखान्यांच्या तक्रारी आल्यात, आमची बदनामी होते म्हणतात. ते काढा. आकडा दिसला पाहिजे."

"कुठला आकडा?"

"जो शेवटचा आहे तो."

"शेवटचा कधीचा?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मास्तर काही हटायला तयार नव्हता. तो म्हणाला, "साहेब, हे बघून माणूस पेशंट घेऊन निघणार. त्याला सांगायला नको का की आपल्याला माहीत आहे की नाही? माहीत नाही म्हणायला लाज कसली? मी हे करणार नाही."

"तुम्ही नका करू. सेटिंग आहे, मी करतो. दोन दिवसांचा प्रश्न आहे. पाहुणे गेले की परत आहे तसं."

मास्तर माझ्याकडे वळला. "तू सांग, तपासनीस."

मला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं. बहिणीकडचे येणार होते. केबिनमध्ये गरम होत होतं आणि दोघांच्या आवाजाचा मला कंटाळा आला होता. मी म्हणाले, "दोन दिवसच आहेत ना."

साहेबांनी 'ॲडमिन' नावाच्या सामाईक खात्यातून दोन ठिकाणी टिचकी मारली. वेळेची ओळ दाखवा: नाही. जुना आकडा किती वेळ चालेल: मर्यादा नाही. त्या खात्याला कुणा माणसाचं नाव नव्हतं. आमच्यापैकी पाच-सहा जणांना त्याचा पासवर्ड माहीत होता.

बदल झाला की मी तपासणी करायची, ही आमची पद्धत. माझ्याकडे बासष्ट मुद्द्यांची यादी होती. प्रत्येक मुद्द्यापुढे 'ठीक', 'दोष' किंवा 'लागू नाही' लिहायचं. सतरावा मुद्दा मास्तरनंच माझ्याकडून घालून घेतला होता: आकडा जुना असेल तर त्याखाली वेळ दिसते का? दिसत नव्हती. 'दोष' लिहिलं असतं तर बदल अडला असता आणि साहेबांना लेखी कारण द्यावं लागलं असतं. 'ठीक' लिहायला हात धजला नाही. मी 'लागू नाही' लिहिलं, सही केली आणि वेळेत घरी गेले.

पाहुणे आले, एक्केचाळीस आकडे बघून खूश झाले, गेले. दोन दिवसांचे सात महिने झाले. दर सोमवारी मास्तर साहेबांच्या दारात उभा राहायचा, "ओळ परत आणायची का?" साहेब म्हणायचे, "तक्रारी बंद झाल्यात, आता कशाला हात लावता?" एकदा त्यानं कोडमध्येच ती ओळ परत घातली, तर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून, झापून ती काढायला लावली. पुढे तो सोमवारी मला विचारायला लागला, साहेबांना तू सांगून बघ म्हणून. एका सोमवारी मी त्याच्यावर वैतागले. "सोड ना आता! काही झालंय का सात महिन्यांत?" त्यानंतर त्यानं मला विचारलं नाही.

आमच्या मजल्यावर चहा करणाऱ्या मावशी होत्या. चौदा वर्षं. कुणाला किती साखर हे त्यांना तोंडपाठ, मास्तरचा बिनसाखरेचा. पान तयार होत होतं तेव्हा आमच्या खांद्यावरून वाकून बघायच्या आणि गल्लीत जाऊन सांगायच्या, आमच्या हापिसात केलंय ते. त्यांचा नवरा एका शाळेच्या मैदानातलं गवत कापायचा. एका बुधवारी मावशी आल्या नव्हत्या. अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला.

"ताई, यांना साप चावला. हाताला. गवताचा ढीग उचलताना. हात सुजलाय हो. कुठं नेऊ? ते तुमचं पान बघा ना."

मी पान उघडून शाळेचा पत्ता टाकला. सगळ्यात वर पुलापलीकडचा दवाखाना: चौदा. त्याच्याखाली, शाळेपासून उलट्या दिशेला, पाऊण तासावरचं मोठं रुग्णालय: सहा.

"मावशी, पुलापलीकडे न्या. चौदा आहेत तिथं. दहा मिनिटांत पोचाल."

"चौदा ना? नक्की?"

"नक्की."

मी नक्की म्हणाले. त्या चौदाच्या खाली पांढरी रिकामी जागा होती. तिथे काय असायचं आणि ते का नाही, हे साऱ्या गावात आम्हा तिघांना माहीत होतं आणि त्यातली मी एक होते. दवाखान्याचा फोन नंबर त्याच ओळीत होता. एक फोन करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. शेजारचं टेबल रिकामं होतं, मास्तर दाढ काढायला गेला होता. तो असता तर मान वर न करता त्यानं विचारलं असतं, कधीचं? आणि मी चिडून का होईना, फोन केला असता. मीच ते पान तपासलं होतं, मीच ते मंजूर केलं होतं, आणि आकडा दिसल्याबरोबर माझाही त्याच्यावर विश्वास बसला.

पुलापलीकडच्या दवाखान्यात भिंतींना रंग द्यायचा म्हणून पाच दिवसांपूर्वी कॉम्प्युटरची वायर काढून ठेवली होती. मधल्या काळात चौदाच्या चौदा कुप्या दुसऱ्या दवाखान्यानं मागवून नेल्या. त्यांच्या वहीत तशी नोंद होती. आमचं पान बिचारं दर दहा मिनिटांनी दार ठोठावत होतं. सातशेच्या वर वेळा ठोठावलं, एकदाही उत्तर आलं नाही, आणि प्रत्येक वेळी त्यानं लोकांना सांगितलं, चौदा.

मावशी नवऱ्याला घेऊन तिथे पोचल्या तर रंगाचे डबे आणि एक नर्स. तिथून उलट फिरून मोठ्या रुग्णालयात जाईपर्यंत पावणेदोन तास गेले. तिथे इंजेक्शन होतं, पण उशीर झाला होता. नवऱ्याची किडनी बंद पडली. चार दिवस काढले त्यांनी.

साप चावल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मास्तर सुजलेला गाल घेऊन आला; बातमी त्याला खाली दारातच कळली होती. आम्ही काही सांगायच्या आत त्यानं जुन्या नोंदी उघडल्या, पुलापलीकडच्या दवाखान्याचं शेवटचं उत्तर कधी आलं ते शोधलं आणि एका कागदावर वार आणि वेळ लिहून तो माझ्या टेबलावर ठेवला. शुक्रवार, सकाळी सात बावन्न. मग विचारलं, "मावशींचा फोन कुणी घेतला?"

"मी."

"विचारलं नाहीस, कधीचं?"

"नाही."

तो खुर्चीत बसला. मला वाटलं आता बोलेल, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

चौकशी लागली. लांब टेबलामागे तिघं, त्यातले एक आरोग्य खात्याचे. कोड कुणी लिहिलं? मास्तरनं. उत्तर आलं नाही तर जुना आकडा दाखवा, ही सोय कुणी केली? मास्तरनं. मर्यादा काढून टाकता येईल असं सेटिंग कुणी ठेवलं? तेही मास्तरनंच. ते बदललं कुणी? साहेबांनी हात झटकले. सामाईक खातं, कुणीही केलं असेल.

मास्तर म्हणाला, "ओळ काढायला मी विरोध केला होता. केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. यांना विचारा." आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

आता हे सरळच लिहिते. केबिनमधलं बोलणं सांगायचं तर 'दोन दिवसच आहेत ना' हे सांगावं लागलं असतं. मग सतरावा मुद्दा निघाला असता. मग फोन निघाला असता. साहेब शेजारीच बसले होते आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी त्यांना माझी खात्री होती. मी म्हणाले, "नेमकं काय बोलणं झालं, ते आता आठवत नाही."

फोन कुणी घेतला हे त्या टेबलाला माहीत नव्हतं. हापिसात फोन केला, एवढंच मावशींनी सांगितलं होतं. मास्तरला माहीत होतं. त्याला पुन्हा विचारलं, आणखी काही सांगायचंय? तो म्हणाला, "नाही." मी त्याला तोंडघशी पाडून दोन मिनिटंही झाली नव्हती आणि हा माणूस मला वाचवत होता. तेव्हा मला हायसं वाटलं, हे सगळ्यात वाईट.

निष्काळजीपणा, असा शेरा मारून त्याला काढलं. जाताना त्यानं टेबल पुसलं, फ्रिजमधला स्वतःचा डबा घेतला आणि मार्कर फ्रिजवर ठेवून गेला. तो कुणी वापरला नाही. पुढच्या महिन्यात ती ओळ पानावर परत आली, आधीपेक्षा मोठ्या, लाल अक्षरांत. साहेबांनी छोटा समारंभ केला. 'आमची नवी सुविधा' म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या.

त्या समारंभाला चहा मावशींनीच दिला. पुन्हा कामावर आल्याचा त्यांचा दुसरा दिवस होता. कप गोळा करताना माझ्यापाशी थांबल्या आणि माझा हात धरला.

"ताई, तुम्ही तरी फोन उचललात. त्या वेळेला मला दुसरं कुणी सुचलं नाही. तुमचे उपकार विसरायची नाही मी." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "त्या मास्तरानं घात केला बघा. चौदा वर्षांतली अकरा वर्षं त्याला चहा दिला, बिनसाखरेचा, वेगळं भांडं ठेवून. वेळ लिहायला काय झालं होतं त्याला?"

मी सांगायला हवं होतं. मावशी, तो एकटाच लिहा म्हणत होता. मावशी, नक्की असं मी म्हणाले होते. एवढी दोन वाक्यं. त्यांचा हात पाण्यानं सुरकुतलेला होता आणि त्यांनी माझा हात सोडला नव्हता. मी मान हलवली. कशाला हलवली ते त्यांनी त्यांच्या मनानं ठरवलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून मी घरून थर्मास आणायला लागले. डॉक्टरांनी बाहेरचा चहा बंद करायला सांगितलाय, असं सगळ्यांना सांगितलं. थोड्या दिवसांनी मावशींची बदली तळमजल्यावर झाली. गुडघे दुखतात म्हणून त्यांनीच मागून घेतली असं कानावर आलं. मग मी मागच्या जिन्यानं येऊ-जाऊ लागले.

हे असं आठ महिने चाललं. मध्ये माझा रक्तदाब वाढला, तर माझ्या घराजवळच्या तीन दुकानांत त्यावरची गोळी मिळेना. चौथं दुकान त्याच्या बायकोचं. मला माहीत होतं ते तिचं आहे. तरी गेले. का गेले, ते मला अजून सांगता येत नाही.

काउंटरमागे तोच होता. केस आणखी पांढरे, चष्मा नाकावर. समोर मुदत संपलेल्या पाकिटांचा खोका. मला बघून दचकला नाही, की त्यानं तोंडही फिरवलं नाही. चिठ्ठी घेतली, मागच्या कपाटातून पाकीट काढलं, उलटं केलं, तारखेवर अंगठा ठेवून माझ्यापुढे धरलं. मी वाचल्याची खात्री होईपर्यंत धरून ठेवलं.

"रक्तदाब कधीपासून?"

"दोन महिने."

"मीठ कमी कर." मग पाकीट कागदी पिशवीत घालता घालता, माझ्याकडे न बघता विचारलं, "मावशी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

त्याचा हात थांबला. "कधीचं?"

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाच्या कडेवरचं पोर रडत होतं. मी काहीतरी पुटपुटले, खालच्या मजल्यावर असतात, गुडघ्यांचं थोडं आहे, बाकी बऱ्या आहेत.

"तू बघितलंस त्यांना कधी?"

"त्या समारंभात."

"ओळ परत आली तेव्हा?"

"हो."

त्यानं हिशेब केला असावा. महिने मोजताना तो ओठ किंचित हलवतो, ते मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. फ्रिजमधला डबा कचऱ्यात टाकताना असायचा तसाच चेहरा होता.

"मग बऱ्या आहेत म्हणू नकोस, तपासनीस. माहीत नाही म्हण."

मला तिथून पळावंसं वाटलं. पिशवी अजून त्याच्या हातात होती आणि तो ती देत नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्यानं पिशवी दिली आणि मागच्या माणसाची चिठ्ठी घेतली.

तळमजला म्हणजे माझ्या टेबलापासून सहा मजले खाली, लिफ्ट चालू असते. तिथे जाऊन काय सांगायचं ते आता मला पाठ आहे. दुकानातून आले त्याला तीन आठवडे झाले. मी अजून खाली गेलेले नाही. ही माहिती आज सकाळी साडेदहाची आहे.